टाळी दोन हातांनी वाजते, मग मी एकटीनेच थेरपीला जाऊन काय उपयोग?

जाईचा_वेल (धागालेखिका)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. शेवटी लिहितेय.

लग्नाला १४ वर्षं झाली. नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत ‘सोडून दे’ येईल. तक्रार एकच. वाद सुरू झाला की तो गप्प होतो. घरात असून नसल्यासारखा. कधी दोन दिवस, कधी चार. दोघांनी मिळून समुपदेशनाला जाऊ म्हटलं तर उत्तर, “मला काही झालेलं नाही. तुला जायचं तर जा.”

मग मी गेले. खरं सांगायचं तर शिक्का आणायला गेले होते. एखाद्या शिकलेल्या बाईने सगळं ऐकून ‘तुमचंच बरोबर’ म्हणावं आणि ते मी घरी आणून त्याच्यापुढे आपटावं.

पहिली दोन सेशन्स झकास गेली. मी बोलले, रडले, ती ऐकत होती. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, “तो गप्प होतो त्याच्या एक मिनिट आधी काय घडतं?” काही नाही, मी फक्त विचारते, मी म्हटलं. “काय विचारता? अगदी त्याच शब्दांत सांगा.” सांगितलं. “आजपण विसरलास ना?” “तुला कशाची काही पडलेली असते का?” “मी बोलतेय, ऐकू येतंय का?” त्या शांत खोलीत स्वतःचीच वाक्यं ऐकताना कसंसंच झालं. यातल्या एकाला तरी समोरच्याने काय उत्तर द्यावं, मलाही सुचेना.

तिने कागदावर एक गोल काढला. मी विचारते, तो आक्रसतो, तो आक्रसला की मी घाबरते, घाबरले की आवाज चढवते, आवाज चढला की तो आणखी आत. “यात सुरुवात कुठे आहे, दाखवा,” म्हणाली. मी आठवडाभर तिच्यावर धुमसत होते. पुढचं सेशन रद्दही केलं.

आता ११ महिने झाले. तो बदललेला नाही. मी एवढंच केलं की तो खोलीतून उठून गेला की मागोमाग जाणं बंद केलं. पहिला महिना उलट बिघडलं. त्याला संशय, हिचं काहीतरी शिजतंय. “आता काय झालं?” हे तोच विचारायला लागला. मग हळूहळू चार दिवसांचे दोन झाले, दोनाचा एक.

माझे दोन प्रश्न. एकाने बदलून नातं खरंच सुधारतं, की मी फक्त माझी अपेक्षा कमी केली? आणि सगळी मेहनत मीच का करायची?

रिकामटेकडा

प्रामाणिक शंका, राग मानू नका. जे काम जिवलग मित्र फुकटात करतो, त्यासाठी दर आठवड्याला फी का मोजायची? आणि गप्प बसणाऱ्याला गप्प बसू दिलं की भांडण होत नाही, हे सांगायला पदवी कशाला लागते?

अधलीमधली

मी याच क्षेत्रात काम करते. धागालेखिकेच्या नात्यावर इथे बसून मत देणार नाही, पण रिकामटेकडे, तुमच्या शंकेला उत्तर देते.

मित्र तुमच्या बाजूचा असतो, आणि असायलाच हवा. तुम्ही ‘आज पुन्हा गप्प बसला’ म्हणालात की तो ‘कमालच आहे’ म्हणतो. तुम्हाला हलकं वाटतं, गोल तसाच राहतो. ‘त्याच्या एक मिनिट आधी काय घडतं’ हे विचारायची सोय मित्राला नाही. विचारलंच तर पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या मित्राला फोन कराल.

तो कागदावरचा गोल काही या बाईंच्या थेरपिस्टने शोधलेला नाही. एकाने मागे लागायचं, दुसऱ्याने माघार घ्यायची, या चक्रावर अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या आसपासपासून पुष्कळ काम केलं. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की या भूमिका जन्माच्या नसतात. ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो, ज्याचं आहे तसं बरं चाललंय तो माघार घेतो. घरकामाच्या विषयावर गप्प होणारा माणूस दुसऱ्या एखाद्या विषयात स्वतःच हात धुऊन मागे लागलेला दिसतो.

आणि गप्प होणं म्हणजे दरवेळी बेफिकिरी नव्हे. जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जोडप्यांना भांडायला बसवून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरत नाही, विनोद सुचत नाही, तडजोड तर नाहीच नाही. एकदा त्यांनी उपकरण बिघडल्याची थाप मारून भांडण मधेच थांबवलं आणि दोघांना मासिकं चाळायला दिली. नंतर तेच जोडपं त्याच विषयावर माणसांसारखं बोललं. म्हणून आम्ही निदान २० मिनिटांची सुट्टी सांगतो. अट एकच, त्या २० मिनिटांत मनातल्या मनात पुढच्या वाक्यांना धार लावायची नाही. लोक नेमकं तेच करतात.

धागालेखिका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गोलातला एक जण हलला की गोल तसाच राहू शकत नाही. मरे बोवेन यांनी कुटुंब ही एकमेकांना बांधलेली व्यवस्था आहे असं मांडलं, त्यामुळे एकाच व्यक्तीबरोबर बसूनही ते कुटुंबावर काम करायचे. पहिला महिना बिघडणं हेही नेहमीचं. बाकीच्यांना जुन्याची सवय असते, ते तुम्हाला ओढून जागेवर आणू बघतात.

मुकाट

मी या गोष्टीतला दुसरा. म्हणजे तो गप्प बसणारा.

बाहेरून दगड दिसतो. आत काय चालतं ते सांगतो. बायको बोलायला लागली की पहिली दोन वाक्यं नीट ऐकू येतात. तिसऱ्या वाक्यापासून नुसता आवाज येतो, अर्थ पोचत नाही. कानात ठोके. डोक्यात एकच, आता काहीही बोललो तरी माझ्यावरच शेकणार. मग जीभ आवळून धरायची. आणि गंमत म्हणजे त्या वेळी मला वाटत असायचं, मी केवढा समजूतदार, भांडण वाढू देत नाहीये. तिला वाटायचं, याला काही फरकच पडत नाही.

माझी बायकोही एकटीच जायला लागली. सुरुवातीला भयंकर राग यायचा. दर गुरुवारी एका बंद खोलीत माझ्यावर खटला, आरोपी गैरहजर. ती घरी आली की मी तिचा चेहरा वाचायचो, आज काय निकाल लागला? तिने कधीच ‘माझी थेरपिस्ट म्हणते की तू…’ असं वाक्य घरी आणलं नाही. आणलं असतं तर मी कायमचा दार लावून बसलो असतो.

एकदा मीच वैतागून विचारलं, काय सांगतेस तिथे माझ्याबद्दल? म्हणाली, “तू गप्प झालास की मला भीती वाटते, तेवढंच सांगितलं.” भीती! मला तर कायम राग दिसायचा. दहा वर्षं मी रागाला उत्तर देत होतो आणि समोर वेगळंच काहीतरी होतं. त्या दिवशी आम्ही काही फार बोललो नाही. पण पुढच्या वेळी ती चिडली तेव्हा मी उठून जाताना “येतो थोड्या वेळात” एवढं म्हणालो. तीन शब्द. तिच्या दृष्टीने तो मोठाच फरक होता म्हणे.

अधलीमधली

मुकाट, तुम्ही जे लिहिलंत त्याभोवती एक अख्खी पद्धत उभी आहे. स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात भावनाकेंद्री थेरपी मांडली. वरचा राग बाजूला करून त्याखालची भीती, एकटेपण, ‘मी तुला पुरत नाही’ ही लाज, ती बोलायला मदत करायची. भीती ऐकून माणूस जवळ येतो, आरोप ऐकून पळतो. ऐकायला सोपं आहे. करायला महिने लागतात, कारण राग दाखवताना आपण मोठे वाटतो आणि भीती दाखवताना उघडे पडतो.

कडूगोड

मला उलटा अनुभव आहे, तोही येऊ द्या. धाकट्या बहिणीने थेरपी सुरू केल्यापासून तिच्याशी बोलायची चोरी झालीय. मी काही विचारलं की ‘तू माझी बाउंड्री ओलांडतेयस’. आईने काळजी केली की ‘ट्रिगर’ होतं. मेहुण्याला एका वेगळ्या मताबद्दल ‘गॅसलायटिंग’ (म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच समजुतीवर शंका घ्यायला लावणं) ऐकावं लागलं, बिचारा अर्थ शोधत बसला होता. आधी भांडायची तेव्हा निदान आपल्या भाषेत भांडायची. नातं सुधारायला गेली की हत्यारं गोळा करायला?

रिकामटेकडा

कडूगोड, +१००. मी हेच म्हणत होतो.

अधलीमधली

होतं असं, आणि बऱ्याचदा. नवा शब्द मिळाला की हातोडा मिळाल्यासारखं होतं. बाउंड्री म्हणजे मी काय करेन ते, समोरच्याने काय करावं ते नव्हे. ‘आवाज चढला तर मी फोन ठेवेन आणि उद्या करेन’ ही बाउंड्री. ‘तू मला असं विचारायचंच नाही’ हा हुकूम, त्याला इंग्रजी नाव दिलं म्हणून तो बदलत नाही. चांगला थेरपिस्ट हे सेशनमध्ये पकडतो. पण त्याला आपल्या अशिलाचीच बाजू ऐकू येत असते, त्यामुळे कधीकधी सुटतंही. एकट्याच्या थेरपीचा हा खरा धोका आहे. तुमच्या थेरपिस्टने तुमच्या सांगण्यावर अधूनमधून शंका घेतली नाही, तर मला तरी काळजी वाटते.

थोडं बहिणीच्या बाजूनेही. जी कधीच ‘नाही’ म्हणाली नाही ती पहिल्यांदा म्हणते तेव्हा जरा जोरातच निघतं. वर्षभर थांबून बघा.

पारिजात७

चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. ‘गोलात सुरुवात कुठे आहे’ हा प्रश्न प्रत्येक घराला लागू नाही. माझ्या पहिल्या लग्नात मला मार होता. आम्ही दोघं मिळून समुपदेशनाला गेलो होतो. तिथे मी धीर करून जे बोलले, त्याची किंमत परतीच्या वाटेवर गाडीतच मोजली. समुपदेशकाने दोघांनाही ‘आपापल्या वाट्याचा विचार करा’ असा गृहपाठ दिला होता. मी खरंच वहीत लिहायला बसले होते, माझा वाटा काय. ती वही पुढे कधीतरी सापडली, फाडून टाकली.

अधलीमधली

पारिजात, लिहिलंत हे फार बरं केलंत. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण आहे, पैसा-फोन-येणंजाणं यावर पहारा आहे, तिथे जोडप्याची एकत्र थेरपी सुरू करायची नसते. म्हणूनच नीट काम करणारे सुरुवातीला दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि सरळ विचारतात, घरी बोलायची भीती वाटते का? तुमच्या बाबतीत ते विचारलं गेलं नाही, ही चूक विचारणाऱ्याची. हिंसेत चक्र दोघांचं नसतं. आधी सुरक्षितता, एकटीसाठी मदत, बाकी सगळं नंतर.

जाईचा_वेल

पारिजात, धाग्यात हे आधी मीच लिहायला हवं होतं. आमच्याकडे भीती त्या जातीची नाही.

तिसरी_घंटा

चुकीचा थेरपिस्ट भेटला तर काय? आम्ही दोघं गेलो होतो. दुसऱ्याच वेळी माझ्या लक्षात आलं की त्यांना नवरा जास्त आवडतो. त्याच्या विनोदांना हसायचे, माझ्या बोलण्यावर ‘हं’. तिसऱ्या वेळी मी गेले नाही. नवरा म्हणाला, बघ, थेरपी सोडणारी तू. ते आजवर ऐकतेय.

अधलीमधली

तिथल्या तिथे बोलता आलं असतं तर सगळ्यात बरं: “मला वाटतं, तुम्ही त्यांच्या बाजूने झुकताय.” यावर थेरपिस्ट काय करतो तीच परीक्षा. चिडला, सारवासारव केली तर खुशाल सोडा. “कुठे वाटलं, सांगा” म्हणाला तर थांबा. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये लिहिलं की चांगल्या थेरपीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुठे जायचं, त्यासाठी काय करायचं आणि दोघांमधला विश्वास. जोडप्याच्या थेरपीत हे दोघांशीही जुळवायचं असतं, म्हणून हे काम अवघड आणि सगळ्यांना जमत नाही. जाण्याआधी विचारा, जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? आणि एकाने एकांतात सांगितलेलं गुपित तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नावर ज्याचं उत्तर तयार नसेल त्याच्याकडे जाऊ नका.

दूरध्वनी

सगळे नवरा-बायकोवर बोलताय, मी बापलेकाचं सांगतो.

बाबांशी माझं भांडण नाही. काहीच नाही, तीच अडचण. गेली वीस वर्षं फोनवर आमचा संवाद असा: “हॅलो.” “हां बाबा.” “बरंय ना?” “हो.” “थांब, आईला देतो.” मी थेरपीला गेलो होतो कामाच्या ताणासाठी. बोलता बोलता हे निघालं. थेरपिस्टने विचारलं, आई मधे नसताना वडिलांशी सलग किती मिनिटं बोललायत? मला आठवेना. बाबांना माझं सगळं आईकडून कळतं, मला बाबांचं सगळं आईकडून. माझ्यावर चिडले तर तेही आईच सांगणार, आणि समजूतही तीच काढणार. वर अधलीमधलींनी बोवेन म्हटलं, त्यांचाच त्रिकोण होता म्हणे हा. दोघांना एकमेकांसमोर अवघडलं की तिसऱ्याला मधे घ्यायचं.

गृहपाठ मिळाला: बाबांच्या मोबाइलवर फोन करायचा. केला. बाबा घाबरले. “काय झालं?” काही नाही, सहज. “आई बाहेर गेलीय.” माहितीय, तुमच्याशीच बोलायचंय. भलीमोठी शांतता. मग म्हणाले, “बोल.” आता बोलायचं काय! मी गाडीच्या बॅटरीबद्दल विचारलं. माझ्याकडची बॅटरी अगदी ठणठणीत होती. त्यांनी अकरा मिनिटं बॅटरी समजावली. त्यानंतर आठवड्यातून एकदा आम्ही कुठल्या ना कुठल्या यंत्राबद्दल बोलतो. सहा महिन्यांनी एकदा इन्व्हर्टर सांगता सांगता म्हणाले, “हल्ली रात्री झोप नाही लागत.” हे आईला माहीत नव्हतं.

बाकी मिठ्या वगैरे काही मारलेल्या नाहीत.

कडूगोड

दूरध्वनी, बॅटरीवर वेगळा धागा काढा, आम्हालाही हवंय. (डोळ्यात पाणी आलं, ते वेगळं.)

रिकामटेकडा

किस्से चांगले आहेत, मान्य. पण किश्शांनी काही सिद्ध होत नाही. अधलीमधलीताई, आकडे द्या. किती जणांचं खरंच सुधारतं?

अधलीमधली

देते, आणि न रंगवता. ख्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी १३४ विवाहित जोडप्यांवर मोठी चाचणी केली. किरकोळ कुरबुरीवाली नव्हे, दीर्घकाळ गंभीर त्रासात असलेली जोडपी निवडली. दोन वेगळ्या पद्धती, जास्तीत जास्त २६ सेशन्स. त्यांचा पाठपुरावा पाच वर्षं केला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. पाच वर्षांनंतर दोन्ही पद्धतींत साधारण निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा दिसत होती. चौथाईहून थोडी जास्त विभक्त झाली होती किंवा घटस्फोट घेतला होता. म्हणजे जादू नाही, पण आधीची अवस्था बघता हे कमीही नाही.

त्या दोनपैकी ख्रिस्टेन्सेन आणि नील जेकबसन यांनी मिळून घडवलेल्या पद्धतीत बदलाइतकाच भर स्वीकारावर होता. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांचे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या फरकातून येतात. एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला शांतता. यावर तोडगा नसतो. त्यावर हसता येतं की नाही, एवढंच हातात असतं. धागालेखिका विचारतात, मी अपेक्षाच कमी केली का? थोडी केली असेल. सगळ्याच अपेक्षा कमी करणं म्हणजे हार, पण ‘भांडताना त्याने माझ्यासारखंच बोलावं’ ही सोडली असेल तर ती सोडण्यासारखीच होती.

फीबद्दल वर कोणी बोललं होतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी: एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षात निम्म्या जोडप्यांना तीनदा, दर वेळी सात मिनिटं, एक लेखन दिलं: आपलं अलीकडचं भांडण, दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेतून लिहा. वर्षाला एकूण २१ मिनिटं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं समाधान पहिल्या वर्षासारखंच घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांचं घसरायचं थांबलं. वाढलं नाही, थांबलं. मोडायला आलेल्या नात्याला हे पुरणार नाही, पण वही-पेनाला फी नाही.

तिसरी_घंटा

आणि एकाला नातं ठेवायचंच नसेल तर? एकमेकांची भीती नाही, पण एक पाय दाराबाहेर.

अधलीमधली

तिथे नेहमीची जोडप्याची थेरपी फुकट जाते, एक जण वल्हवतो आणि दुसरा बसून राहतो. बिल डोहर्टी यांनी यासाठी वेगळंच काम मांडलं, जास्तीत जास्त पाच भेटींचं. नातं सुधारण्यासाठी नाही, तर सुधारायचा प्रयत्न करायचा की नाही हे नीट ठरवण्यासाठी. बराचसा वेळ दोघांशी वेगवेगळं बोलून. समजून-उमजून वेगळं होणं हाही त्यातला एक निकाल असू शकतो.

रिकामटेकडा

ते सात मिनिटांचं करून बघतो. कोणाबरोबरच्या भांडणावर, ते सांगणार नाही.

जाईचा_वेल

सगळ्यांचे आभार. दुसरा प्रश्न, मेहनत मीच का, कोणी फारसा घेतला नाही. मी तो थेरपिस्टलाही विचारला होता. ती म्हणाली, “अन्याय आहेच. त्याला तो सांगून झालाय का?” मला वाटलं, हजारदा सांगितलाय. मग आठवून बघितलं. ‘विसरलास ना’ हजारदा म्हटलं होतं. ‘मी दमलेय, माझ्याबरोबर ये’ एकदाही नाही.

ते अजून म्हटलेलं नाही. पण काल मुकाट यांचा प्रतिसाद उघडून फोन त्याच्या हातात दिला. (थेरपिस्टला हे आवडेल की नाही, कल्पना नाही.) म्हटलं, हा माणूस कोण ते मला माहीत नाही, वाच.

त्याने वाचलं. आणि गप्प झाला. हसू नका. फोन टेबलावर ठेवून गॅलरीत गेला. मी गेले नाही मागे, पण खरं सांगते, खुर्चीला धरून बसले होते. पाऊण तासाने आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “तिसऱ्या नाही. माझं दुसऱ्याच वाक्यापासून होतं.”